एकच टेक्स्चर ॲटलास केला, पण चिऱ्याची भिंत आणि काळ्या रेघा सुटेनात

माजघर:
नमस्कार मंडळी. युनिटी या गेम इंजिनात, यूआरपी (त्यातली हलकी रेंडरिंग पद्धत) वापरून, अँड्रॉइडसाठी एक छोटा गेम करतेय. कोकणातलं एक घर आणि त्याचं अंगण, एवढीच जागा. चिऱ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर, तुळशीवृंदावन, विहीर आणि रहाट. घरात चाळीसेक लहान वस्तू आहेत: कंदील, घागर, पाट, सूप, विळी, जातं, चूल वगैरे.

आधी प्रत्येक वस्तूला स्वतःचं १०२४ पिक्सेलचं टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) आणि स्वतःचं मटेरियल (पृष्ठभाग कसा दिसावा याची सेटिंग) होतं. साध्या फोनवर गेम अडखळायला लागला, म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांचे यूव्ही (मॉडेलचा कुठला भाग चित्रात कुठे येतो ते नकाशे) एकत्र पॅक करून २०४८ चा एकच ॲटलास, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक चित्र, केला. अडखळणं थांबलं, पण दोन गोष्टी अडल्यात.

भिंतीच्या वाट्याला ॲटलासचा लहानसा तुकडा आला, त्यामुळे जवळून ती धूसर दिसते. पूर्वीसारखं टाइल करायला (तेच चित्र पुन्हा पुन्हा शेजारी लावायला) गेलं तर भिंतीवर कंदील आणि सूप उमटतात. दुसरं म्हणजे वृंदावन पांढरं आहे, आणि अंगणाच्या टोकावरून पाहिलं की त्याच्या कडांवर काळ्या रेघा येतात. जवळ गेलं की जातात. पॅक करताना दोन तुकड्यांमध्ये ४ पिक्सेल सोडलेत. ते कमी पडतात का? आणि भिंतीसाठी ॲटलास ४०९६ चा करावा का?

गेरू:
४०९६ करू नका. भिंत या ॲटलासमधून बाहेरच काढा.

हिशेब मांडून बघा. लांब भिंत ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच धरू. जवळून बघायच्या गोष्टींना मी मीटरला ५१२ पिक्सेल देतो. म्हणजे त्या एका भिंतीलाच ३०७२ बाय १५३६ लागतात. तुमचा अख्खा २०४८ चा चौकोनही तिला पुरत नाही, आणि अशा चार भिंती आहेत. चिरा, कौल, सारवलेली जमीन, लाकडी वासे या सगळ्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी. त्यांच्यासाठी वेगळी ट्रिम शीट करा: २०४८ रुंद, आणि आडव्या पट्ट्या एकाखाली एक. प्रत्येक पट्टी डावीकडून उजवीकडे पूर्ण रुंदीभर पसरलेली, दोन्ही टोकं एकमेकांना जुळणारी. रॅप मोड (चित्र संपल्यावर पुढे काय दिसावं ती सेटिंग) रिपीट ठेवला की आडव्या दिशेला हवी तितकी टाइल होते. उभ्या दिशेला मात्र होत नाही, म्हणून भिंतीच्या मेशला (त्रिकोणांच्या जाळीला) दर मीटरला आडवा काप द्यायचा आणि प्रत्येक भागाचे यूव्ही त्याच पट्टीवर आणून ठेवायचे. थोडे त्रिकोण वाढतात, त्याची काळजी करू नका.

चिऱ्याच्या दोन पट्ट्या करा, ही माझी खास विनंती. जमिनीलगतचा चिरा आणि वरचा चिरा एकसारखा दिसत नाही. पावसाचं पाणी अंगणातून उडून खालचे थर काळे-हिरवे होतात, वर पागोळीच्या आत तो गेरूसारखा लालच राहतो. खालच्या मीटरला ओली पट्टी आणि वर कोरडी लावली की घर जमिनीत रुजल्यासारखं वाटतं. मग उरलेलं पुनरावर्तन मोडायला व्हर्टेक्स कलर (जाळीच्या बिंदूंना दिलेले रंग) वापरा: खिडकीखाली थोडा गडद, कोपऱ्यात थोडा धुरकट. यूआरपीचा नेहमीचा लिट शेडर (पृष्ठभाग रंगवणारा प्रोग्राम) व्हर्टेक्स कलर वाचत नाही, त्यासाठी शेडर ग्राफ या टूलमध्ये टेक्स्चरच्या रंगाशी त्याचा एक गुणाकार जोडावा लागेल.

आता काळ्या रेघा. ४ पिक्सेल कमी पडतात, बरोबर. लांबून बघताना जीपीयू (ग्राफिक्स चिप) मूळ चित्र न वाचता त्याची लहान केलेली आवृत्ती, म्हणजे मिप, वाचतो. प्रत्येक पायरीला चित्र निम्मं होतं. २०४८ चं १०२४, मग ५१२, मग २५६. तुमची ४ पिक्सेलची मोकळी जागा ५१२ वर एकच पिक्सेल उरते आणि २५६ वर अर्धा. तिथे शेजारचा रंग आत झिरपतोच.

दोन तुकड्यांमध्ये १६ पिक्सेल ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८. पण जागा नुसती सोडून भागत नाही. तुमच्या ॲटलासची पार्श्वभूमी काळी असणार, तीच रेघ होऊन दिसतेय. त्या मोकळ्या जागेत तुकड्याच्या कडेचाच रंग बाहेर ओढून भरायचा. ब्लेंडरमध्ये बेक करताना (रंग चित्रात उतरवताना) मार्जिन ८ दिलं की ते आपोआप होतं.

याहून लांबच्या मिपवर कितीही पॅडिंग दिलं तरी रंग मिसळणारच. तिथे मांडणी कामाला येते. पॅकरने केलेली रचना मी तशीच ठेवत नाही, सारख्या रंगांचे तुकडे हाताने शेजारी आणतो. वृंदावनाच्या चुन्याशेजारी सूप, पाट, दोरखंड. चूल आणि काजळी धरलेला कंदील त्यांच्यापासून लांबच्या कोपऱ्यात, जात्याच्या दगडाजवळ. मग रंग मिसळला तरी डोळ्याला कळत नाही.

रात्रपाळी:
गेरूदादांच्या भिंतीच्या सल्ल्याशी सहमत. एक भर घालतो. यूआरपीत एसआरपी बॅचर (वस्तू काढण्याचं काम गटाने उरकणारी सोय) चालू असेल तर मटेरियल वेगळी असूनही, शेडरचा प्रकार एकच असेल तर ड्रॉ कॉल (वस्तू काढायच्या जीपीयूला दिलेल्या आज्ञा) स्वस्तात जातात. त्यामुळे तुमच्या गेमला वेग ॲटलासमुळेच आला असं धरू नका. मेमरीचा वाटा मोठा असेल. एएसटीसी ६ बाय ६ या कॉम्प्रेशनमध्ये १०२४ चं एक टेक्स्चर मिपसकट सुमारे ०.६ एमबी होतं. अशी चाळीस म्हणजे २४ एमबी. २०४८ चा एक ॲटलास मिपसकट साधारण २.४ एमबी. युनिटीतला फ्रेम डीबगर उघडून बॅच (ड्रॉ कॉलचे गट) कुठे तुटतात ते बघा.

टाइल करायच्या गोष्टींना टेक्स्चर ॲरे (थरांसारखी एकत्र ठेवलेली अनेक चित्रं) हाही मार्ग आहे. प्रत्येक थर स्वतंत्र, मिप स्वतंत्र, म्हणून शेजारचा रंग झिरपत नाही आणि दोन्ही दिशांना रिपीट चालतं. अट एवढीच, की सगळे थर एकाच मापाचे आणि एकाच फॉरमॅटचे हवेत. फोनच्या ग्राफिक्ससाठीच्या ओपनजीएल ईएस प्रणालीत ३.० पासून चालतं.

गेरू:
ॲरे उत्तम आहे, पण शेडर स्वतः लिहावा लागतो आणि कुठला थर वापरायचा ते मेशमध्ये साठवावं लागतं. एका घरासाठी ट्रिम शीट पुरेल.

माजघर:
दोघांचेही आभार. वृंदावनाच्या रेघा गेल्या! चूल खरंच त्याच्या शेजारी होती. अजून दोन शंका. परसातल्या माडाच्या झावळ्या याच ॲटलासमध्ये घालू का? आणि आता घागरीचं टेक्स्चर बदलायचंय, तर सगळं पुन्हा पॅक करावं लागणार का?

गेरू:
झावळ्या वेगळ्या ठेवा. त्यांना अल्फा क्लिप (चित्राचा पारदर्शक भाग कापून टाकणं) लागतो, म्हणजे मटेरियल वेगळं होणारच, आणि त्या मटेरियलवर घागर आणि पाट बसवले तर अपारदर्शक वस्तूंनाही तो खर्च विनाकारण पडतो. फोनच्या जीपीयूला मागे झाकलेले पिक्सेल आधीच वगळता येतात, अल्फा क्लिप आला की ती सोय बिघडते. झावळ्या, जास्वंद, तुळशीची पानं असा एक लहान ५१२ चा ॲटलास करा.

घागरीसाठी पद्धत बदला. प्रत्येक वस्तूची ब्लेंडर फाइल वेगळी, तिचे यूव्ही पूर्ण चौकोनात पसरलेले, आणि तिचं टेक्स्चरही स्वतःचं. ॲटलासमध्ये तिला एक ठरलेला चौकोन द्या, ५१२ चा किंवा २५६ चा. वृंदावन आणि चुलीला ५१२, विळी आणि कंदिलाला २५६. एक्स्पोर्ट करताना छोटी पायथन स्क्रिप्ट यूव्ही त्या चौकोनात लहान करून सरकवते आणि चित्र तिथे चिकटवते. चौकोनांत थोडी जागा वाया जाते, पण घागर बदलली म्हणून बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. माइनक्राफ्टमध्येही आधी सगळे ठोकळे हाताने मांडलेल्या एकाच चित्रात होते, २०१३ च्या १.५ आवृत्तीपासून प्रत्येकाची फाइल वेगळी झाली आणि गेम सुरू होताना ॲटलास आपोआप जोडला जाऊ लागला.

लाइटमॅप (आधीच मोजून ठेवलेल्या उजेड-सावलीचं चित्र) बेक करणार असाल तर त्याचे यूव्ही दुसऱ्या चॅनेलमध्ये घ्या. रहाटाचे दोन खांब ॲटलासमध्ये एकाच तुकड्यावर ठेवलेत तरी चालतं, पण लाइटमॅपमध्ये दोघांची सावली वेगळी असते, तिथे तुकडे एकमेकांवर येऊन चालत नाहीत. मॉडेल इंपोर्ट करताना जनरेट लाइटमॅप यूव्हीज वर खूण केली की युनिटी ते करून देतं.