एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि ठरवलेलं वेळेत करणं अवघड करणारी मेंदूची अवस्था): अलार्म लावूनही उशीर होतो, याद्या दहा दिवसांत बंद पडतात. टिकतं काय?

पाऊलवाट:
निदान झालेल्या प्रौढ व्यक्तीबद्दल विचारतोय. काय करायला हवं ते सगळं ठाऊक आहे. फोनमध्ये पाच अलार्म, भिंतीवर यादी, नवी डायरी. दहा-बारा दिवस छान चालतं, मग अलार्म नकळत बंद केला जातो आणि उशीर ठरलेलाच. घरचे म्हणतात, मनावर घेत नाही. नेमकं अडतं कुठे? औषध पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

शांतनाद:
'कळतं पण वळत नाही' हे एडीएचडीला शब्दशः लागू आहे. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं हेच मांडत आलेत: उणीव माहितीची नाही, ती माहिती ऐन वेळी वापरता येण्याची आहे. म्हणून मदतही जिथे आणि जेव्हा काम करायचं, तिथेच हवी.

अलार्म फक्त वेळ सांगतो. तो बंद करणं आणि जागेवरून उठणं यांच्यामध्ये 'दोन मिनिटांत उठतो' येतं आणि तेवढ्यात ते डोक्यातून निसटतं. अलार्मला कृतीचं नाव द्या: 'ऑफिस' नको, 'लॅपटॉप मिटव, बूट घाल' हवं. दोन अलार्म ठेवा. पहिला निघण्याआधी १५ मिनिटं, हातातलं थांबवण्यासाठी. दुसरा निघण्याचा, आणि तो दाराजवळ, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल.

आठवडाभर प्रत्येक गोष्टीला लागणारा वेळ मोजा. आधी अंदाज लिहा, शेजारी स्टॉपवॉचचा आकडा. किल्ली शोधणं, जिना उतरणं, गाडी लावणं हे अंदाजात बहुतेक वेळा धरलेलंच नसतं. खऱ्या आकड्यावरून उलटं मोजत निघायची वेळ काढा आणि वर १० मिनिटं ठेवा. ती मोकळीच राहू द्या. 'निघता निघता एवढं करून टाकतो' इथेच ती संपतात.

भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा. उरलेला वेळ त्यावर दिसतो. आकड्यांच्या घड्याळात वजाबाकी करावी लागते.

कोरापाट:
यादीबद्दल. भिंतीवरची यादी आठवडाभरात भिंतीचाच भाग होते, नजर तिच्यावरून नुसती घसरते. रोज सकाळी तीनच कामं नव्या चिठ्ठीवर लिहून ती कीबोर्डवर ठेवा, म्हणजे ती उचलल्याशिवाय काम सुरू होणार नाही. 'अहवाल लिहिणे' असं लिहू नका, 'फाईल उघडून शीर्षक टाइप करणे' असं लिहा. पहिली पायरी दोन मिनिटांत होण्याइतकी लहान हवी, कारण अडतं ते सुरुवातीलाच.

तरीही सुरुवात होत नसेल तर सोबत बसून काम करा. कुणीतरी शेजारी किंवा व्हिडिओवर आपापलं काम करत बसतं. आधी दोघं काय करणार ते सांगतात, २५ मिनिटं शांतता, मग काय झालं ते सांगतात. सोबती विचारपूस करू लागला की ती देखरेख होते आणि ही पद्धत मोडते.

दहा दिवसांनी ओढ कमी होणं अपेक्षितच धरा. नावीन्य ओसरलं की मेंदूला ती खूण जाणवेनाशी होते. तत्त्व तेच ठेवून रूप बदला: अलार्मचा आवाज, चिठ्ठीचा रंग, जागा. नवं ॲप मात्र नको; सगळं त्यात भरण्यातच उत्साह संपतो.

पाऊलवाट:
दोन्ही अलार्म एकाच फोनवर चालतील?

शांतनाद:
नाही. फोन हातात आला की दुसऱ्याच गोष्टीत अडकणं होतं. दाराजवळ साधं घड्याळच ठेवा.

निळीशाई:
औषधाबद्दल थोडं. एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण ३ ते ४ तास राहतो. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पुरेसा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तेव्हा ते आठ दिवसांत निरुपयोगी ठरवू नका. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास डॉक्टरांना सांगा. झोप, भूक, चिडचिड रोज एका ओळीत लिहून ठेवलीत, तर मात्रा ठरवायला त्यांना सोपं जातं. आणि गोळीने लक्ष टिकतं, पण कशावर टिकवायचं हे ती ठरवत नाही. परिणाम सुरू होताना हातात फोन असेल तर फोनवरच टिकेल. पहिलं काम आदल्या रात्रीच टेबलावर काढून ठेवा.

घरच्यांसाठी: २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) नुसार निदानासाठी काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. हा आत्ता आलेला आळस नव्हे. 'किती वेळा सांगायचं?' याऐवजी 'आता पहिलं काय करायचंय?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.