'ब्लॅक फ्रायडे'मधलं काळं काय?

विचारणा: नोव्हेंबर संपत आला की 'ब्लॅक फ्रायडे सेल'च्या जाहिरातींचा भडिमार सुरू होतो. खरेदीच्या दिवसाला 'ब्लॅक' कशासाठी? तोटा लाल शाईत, नफा काळ्या शाईत लिहीत आणि या दिवसापासून दुकानं नफ्यात येत, असं वाचलंय. खरं का?

उत्तर: नाही, ही मागाहून चिकटवलेली व्युत्पत्ती आहे. काळ्या शाईची गोष्ट पुढे आली १९८०च्या दशकात. नाव त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रुळलेलं होतं. आणि अकरा महिने तोटा सोसून तग धरणारे दुकानदार असतात तरी किती?

नाव पडलं ते पोलिसांच्या वैतागातून. थँक्सगिव्हिंग हा अमेरिकी सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो आणि शुक्रवारपासून नाताळची खरेदी सुरू होते. त्यात फिलाडेल्फियात शनिवारी लष्कर आणि नौदल यांच्या अकादमींचा फुटबॉल सामना असे. उपनगरांतून, बाहेरगावाहून माणसं लोटायची, रस्ते तुंबायचे, गर्दीचा फायदा घेऊन दुकानांतला माल लंपास व्हायचा. पोलिसांना रजा नाही, वर जादा ड्युटी. त्यांच्या तोंडी 'ब्लॅक फ्रायडे' आलं यात नवल ते काय! व्यापाऱ्यांना अर्थातच ते झोंबलं. १९६१मध्ये 'बिग फ्रायडे' असं गोंडस नाव पुढे करून पाहिलं, पण त्याला कोणी विचारलं नाही. नाव हटेना, तेव्हा अर्थच धुऊन घेतला गेला.

त्याहूनही जुना वापर १९५१चा, कारखान्यांविषयीच्या एका अमेरिकी मासिकातला. सलग चार दिवस सुट्टी पदरात पडावी म्हणून कामगार त्या शुक्रवारी हमखास 'आजारी' पडत. परिणामांच्या बाबतीत प्लेगच्या खालोखाल हीच साथ, असा टोमणा तिथे मारला आहे.

२४ सप्टेंबर १८६९लाही ब्लॅक फ्रायडे म्हणतात. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सोन्याचा भाव कोसळला होता. त्याचा या सेलशी संबंध नाही. गुलामांच्या विक्रीची जी कथा फिरते, तिला तर काहीच आधार नाही.

पुन्हा विचारणा: मग मराठीत 'काळा शुक्रवार' लिहावं का?

उत्तर: सेलसाठी तरी नको. मुंबईकराला त्यातून १२ मार्च १९९३चे बॉम्बस्फोट आठवतील. तोही शुक्रवारच होता. बेळगावचे मराठी लोक १ नोव्हेंबरला 'काळा दिन' पाळतात. आपल्याकडे दिवसाला 'काळा' म्हटलं की निषेध किंवा दुःख, सवलत नव्हे. शाईची कथाही आपल्या बाजारात पचणारी नाही. लक्ष्मीपूजनाला पुजतात ती चोपडी लाल कापडाचीच असते. तेव्हा सरळ 'ब्लॅक फ्रायडे' लिहावं. 'फ्राइडे' मात्र नको, ते हिंदी वळण झालं.