कापूस वेचणारी बाई 1971 मध्ये कुठे गेली?

बांधावरून (यावल): 1961 च्या जनगणनेत देशात सुमारे 6 कोटी बायका कामगार म्हणून नोंदल्या गेल्या, 1971 मध्ये जेमतेम 3 कोटी. बायकांनी शेत सोडलं नव्हतं, प्रश्न बदलला होता. 1961 ला हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं, की ती कामगार. 1971 ला आधी विचारलं, मुख्य काम काय? घरचा कर्ता सांगणार, ‘घरकाम’. झालं, ती बिगर-कामगारांत. निंदणी-वेचणी गेली दुय्यम कामात. त्या आकड्यांवरून ‘बायका रोजगारातून बाहेर पडल्या’ असं लिहिणं साफ चूक आहे.

नोंदवही (धुळे): 1971 चा प्रश्न चुकला, कबूल. पण 1961 चं मापही फार सैल होतं. तासभर निंदणारी आणि दिवसभर रोजाने जाणारी एकाच रकान्यात बसली, तर अर्धबेकारी दिसणार कुठून? बेकारीचे अंदाज तपासायला नेमलेल्या दांतवाला समितीने 1970 मध्ये हेच मांडलं, की इथली बेकारी एका आकड्यात मावत नाही. म्हणून 1972-73 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्षाचं, आठवड्याचं, रोजचं अशी तीन मापं आली. रोजच्या मापात चार तास किंवा जास्त म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. जनगणनेनेही 1981 ला वर्षाला 183 दिवसांची रेघ मारून मुख्य (तेवढं किंवा जास्त काम) आणि सीमांतिक (त्याहून कमी) वेगळे केले.

बांधावरून: त्या रेघेचाच हिशोब करा. निंदणीचे 40 दिवस, वेचणीचे 70 धरा. 110 झाले, बाई सीमांतिक. आणि चारा-सरपण? घरच्यापुरतं गोळा केलं तर नमुना पाहणीत कामाचा संकेतांक 93, म्हणजे श्रमशक्तीबाहेर, ना कामात ना बेकारांत. तीच बाई डेअरीला दूध घालणाऱ्या घरच्या म्हशींचं बघते, तर 21, बिनपगारी मदतनीस, म्हणजे रोजगारात. विळा तोच, भारा तोच.

नोंदवही: रेघ कुठेतरी मारावीच लागते, दादा. स्वयंपाकपाणीही रोजगारात धरलं तर गावात बेकार कोणी उरणारच नाही, मग रोजगार हमीची कामं कुठे काढायची हे कळणार कसं? घरकामासाठी 2019 आणि 2024 ची वेळ-वापर पाहणी आहे, तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद होते.

केळीबाग (रावेर): बायकांपुरतंच नाही हे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेला सालदार वर्षभर पाणी, खत, फवारणी सगळं बघतो. जनगणनेत तो शेतमजूर. मालक जळगावात राहून नुसती देखरेख करतो, तरी तो शेतकरी, कारण व्याख्येत देखरेखही शेती करण्यात धरली आहे. तोच सालदार पुढच्या वर्षी बटाईने करायला लागला, की शेतकरी! शेतकरी घटले-वाढले म्हणताना हे पाहायलाच हवं.

बांधावरून: 1991 ला प्रश्नातच ‘शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी काम धरून’ असे शब्द घातले, ते बरोबरच होतं. 2027 च्या गणनेत प्रगणकाने बाईलाच विचारावं, तेही कामागणिक: पेरणीला किती दिवस, निंदणीला किती, वेचणीला किती? ‘काम करता का?’ असं विचारलं की ‘नाही, घरीच असते’ हेच उत्तर येतं.

नोंदवही: हे मान्य. पण एका प्रगणकाकडे शे-सव्वाशे घरं असतात. वेचणी चालू असली तर बाई दिवसा घरी सापडणार नाही, संध्याकाळीच जावं लागेल. तेवढे दिवस आणि तेवढा भत्ता आधी मंजूर करा.