दोन्ही प्लेअरवर ११५ दिसतं, तरी ढोलकी सुटते

खाडीकाठ (कोपरखैरणे)
घणसोलीच्या हळदीसाठी भाड्याने दोन डिस्क प्लेअर घेतलेत. एक गाणं ११२ बीपीएमचं (मिनिटाला ११२ ठोके), दुसरं ११८ चं. लयीचा स्लायडर सरकवून दोन्हीकडे ११५ आणतो, थापेवर थाप बसवतो, तरी अर्ध्या मिनिटात ढोलकी दुहेरी वाजायला लागते. जॉगने (वरच्या गोल चाकाने) ढकललं की एका प्लेअरवर गाणं क्षणभर थांबतंच, दुसऱ्यावर नीट सरकतं. मास्टर टेम्पो (लय बदलली तरी सूर तोच ठेवणारं बटण) लावला की गळा ठीक राहतो, पण ढोलकी ओली झाल्यासारखी वाजते. स्लायडरची रेंज, म्हणजे लय किती टक्के बदलता येते ती, दोन्हीकडे वाइड ठेवली आहे. चुकतंय कुठे?

ऐरोली_मिक्स
दादा, वाइडमध्येच चुकतंय. पायोनियरच्या सीडीजे घराण्यातल्या प्लेअरवर साधारण ±६, ±१०, ±१६ आणि वाइड अशा रेंज असतात आणि प्रत्येकीची पायरी (स्लायडरचा सर्वांत लहान टप्पा) वेगळी. ±६ वर ०.०२ टक्के, ±१० आणि ±१६ वर ०.०५, वाइडवर थेट ०.५. एका पायरीचा फरक राहिला तर मिनिटाला दोन गाणी किती सरकतील ते बघा: ±६ वर १२ मिलिसेकंद, ±१६ वर ३०, वाइडवर ३००. वीस-तीस मिलिसेकंदांपासून थाप फाटल्यासारखी ऐकू येते. त्यात पडद्यावर बीपीएम पूर्णांकात असेल तर ११४.६ आणि ११५.४ दोन्ही ११५ च दिसणार.

रेंज ±६ करा. ११२ च्या गाण्याला +२.६८, ११८ च्या गाण्याला −२.५४. स्लायडर आपल्याकडे ओढला की लय वाढते. पण ११२ हाही गोळाबेरीज आकडा, खरं गाणं १११.८ चं असेल; म्हणून शेवटचा हात कानाने फिरवायचा. स्लायडर लय ठरवतो, जॉग फक्त जागा. जॉगने एकाच बाजूला दोनदा ढकलावं लागलं तर जॉग सोडा आणि स्लायडर त्याच बाजूला एक-दोन पायऱ्या सरकवा. हे अंगवळणी पडलं की निम्मी झटापट संपते.

गाणं थांबतं त्या प्लेअरवर व्हिनाइल मोड चालू आहे. त्यात जॉगच्या वरच्या तबकडीला हात लागला की गाणं थांबतं, ती स्क्रॅचसाठी. ढकलायचं ते कडेच्या खाचांवर बोट ठेवून.

मास्टर टेम्पोचं कारण आत आहे. जॉग फिरवला म्हणून डिस्क फिरत नाही. डिस्क आधीच पुढे वाचून मेमरीत भरलेली असते आणि प्लेअर तिथून सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने उचलतो. +२.६८ वर तो ४५,२८२ उचलतो, म्हणून सूरही चढतो. सुमारे ६ टक्क्यांना पांढरी एकचं गाणं काळी एकला जातं. मास्टर टेम्पो सूर धरून ठेवायला आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवतो, त्यात थापेची धार जाते. अडीच टक्क्यांना सूर अर्धस्वराच्या निम्म्याहूनही कमी हलतो, तिथे तो बंदच ठेवा. फक्त गळ्यावर गळा चढवू नका. ढोलकीवर ढोलकी असतानाच गाणं बदला.

कळवा_ढोलकी
वरचं सगळं बरोबर. पण ११२ हा आकडा आला कुठून, तेही तपासा. पुष्कळ कोळीगीतांची चाल सहा मात्रांची असते आणि मोजणारं सॉफ्टवेअर चार धरून बसतं. मग ९६ चं गाणं १४४ किंवा ६४ दाखवतं. हाताने ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा.

जुनी रेकॉर्डिंग क्लिकशिवाय (कानात यंत्राचा ठोका न घेता) वाजवलेली. धृपदापासून अंतऱ्यापर्यंत लय एक-दोन बीपीएम चढते आणि तो वादकाचा गुण आहे, दोष नाही. तिथे सिंक (लय आपोआप जुळवणारं बटण) दाबू नका. सिंक ग्रिडच्या, म्हणजे गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या, रेघा जुळवतो, थापा नाही. रेघच चुकली तर तो चुकीच्या जागी घट्ट धरतो. अशा गाण्यातला ढोलकीचा नुसता तुकडा, चार-आठ मात्रांचा, लूप करा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवा. लूपची लांबी बदलत नाही, त्यामुळे त्यावर पुढचं गाणं बसतं.

सिंक सोडल्यावर स्लायडर हलवूनही लय बदलली नाही तर घाबरू नका. चालू लय जिथे आहे तिथपर्यंत स्लायडर नेला की तो पुन्हा पकडतो.

वाशी_बेंच
भाड्याचा माल घेताना तीन गोष्टी दुकानातच बघा. स्लायडरला हात न लावता टक्क्याचा आकडा नाचतो का? नाचला तर आतल्या पट्टीवर धूळ आहे, दुसरा मागा. स्वतःचा असेल तर वीज काढून फेडरचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-तीस वेळा वरखाली करा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, तो धूळ धरून ठेवतो. टेम्पो रिसेटचा दिवा लागलेला असेल तर स्लायडर कितीही हलवा, लय शून्यावरच. आणि पॉज केल्यावर गाणं रेंगाळत बसत असेल तर टच-ब्रेकचा नॉब फिरवलेला आहे, तो उलट दिशेला पूर्ण फिरवा.

एसी गाडीतून प्लेअर काढून दमट मांडवात लगेच लावू नका. लेन्सवर दव धरतं आणि डिस्क वाचत नाही. अर्धा-एक तास नुसता ठेवा.

खाडीकाठ (कोपरखैरणे)
रेंज ±६ केली, थाप आता सुटत नाही. स्मोक मशीन शेजारीच असणार आहे, डिस्कऐवजी पेनड्राइव्ह चालेल का?

वाशी_बेंच
यूएसबी असेल तर तोच बरा, धूर लेन्सवर चिकटतो. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, तीच गाणी दुसऱ्यातही ठेवा. काढताना यूएसबी स्टॉप दाबून दिवा विझेपर्यंत थांबा.