टाकी भरली की पेट्रोलचा मीटर खाली येतो! जुन्या आउटबोर्डवर नवीन डिजिटल मीटर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट मिळतात, म्हणून सगळं एकदाच मांडतो.

माझी एक जुनी फायबरची बोट आहे. मागे ९० हॉर्सपॉवरचं, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन). १९९०च्या दशकातलं, कार्बोरेटरवालं, म्हणजे इंजिनात कॉम्प्युटर वगैरे काही भानगड नाही. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यात लिहिलं होतं, तर निम्मे प्रतिसाद कोणतं इंजिन भारी यावरच गेले.)

डॅशवर इंजिनासोबत आलेले एलसीडी मीटर होते. उन्हाने पडदे काळवंडत गेले, मग आकड्यांच्या रेघा उडायला लागल्या. आरपीएममधल्या सातची वरची आडवी रेघ गेली, त्यामुळे सात आणि एक सारखेच दिसायचे. तेही हाताचा आडोसा करून, डोकं तिरकं करून बघितलं तर. शेवटी ते काढले आणि नवीन डिजिटल मीटर घेतले: ८५ मिमीचा आरपीएम, ५२ मिमीचे पेट्रोल आणि व्होल्ट. भोकं तंतोतंत जुळली, वायर रंग बघून जोडल्या (जांभळी चावीची, काळी अर्थिंगची, राखाडी आरपीएमची, गुलाबी पेट्रोलची). एका दुपारचं काम. खूश होतो.

आता तक्रारी:

आरपीएम. न्यूट्रलला इंजिन पूर्वी ८००वर असायचं, आता १२०० दाखवतं. पूर्ण थ्रॉटलला जुना मीटर ५२०० दाखवायचा, नवा ७८००. इंजिनाचा आवाज मात्र होता तसाच आहे. ७८०० खरे असते तर हा धागा काढायला मी शिल्लक नसतो.

पेट्रोल. मीटर बसवला तेव्हा टाकी अर्धी होती आणि मीटरने बरोबर अर्धी दाखवली, आठपैकी चार पट्ट्या. मग टाकी काठोकाठ भरली, तर पट्ट्या घसरून एकच उरली! दोनदा टाकीचं झाकण उघडून बघितलं, पेट्रोल आहे की गेलं कुठे.

व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १३.९, डॅशवरचा मीटर म्हणतो १२.४. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) किंवा दिवे लावले की आणखी खाली जातो आणि गंमत म्हणजे पेट्रोलच्या पट्ट्याही हलतात. सेल्फ मारला की तिन्ही मीटर क्षणभर झोपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

तिन्ही मीटर एकदम खराब निघतील असं वाटत नाही, पण बायको म्हणते परत पाठवून टाका. माहितगारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बॅटरी बदला. सेल्फ मारताना मीटर बंद पडतात म्हणजे बॅटरी गेली. दुसरं काही नाही.

प्रतिसाद २

बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने फिरवायचे पंखवाले नट आहेत का? असतील तर आधी ते काढून साधे नट लावा आणि पान्याने आवळा. ते पंखवाले लाटांच्या हादऱ्याने हळूहळू सुटतात. आणि चालू इंजिनावर बॅटरी क्षणभर जरी सुटली तरी रेक्टिफायरचा (इंजिनाच्या एसी करंटचा बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) जीव जाऊ शकतो.

प्रतिसाद ३

मीटर परत पाठवू नका. बॅटरीही घाईने बदलू नका, तिच्यावर १३.९ येतायत म्हणजे चार्जिंग उत्तम आहे. तुमच्याकडे एक आजार नाही, तीन आहेत आणि तिन्ही वेगळे.

आधी आरपीएम, कारण उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ८००चे १२००, ५२००चे ७८००. दोन्हीकडे बरोबर दीडपट! वायर ढिली असती तर आकडा लहरी असता, कधी शून्य, कधी तीन हजार. चूक अशी शिस्तीत, एकाच पटीत होत असेल तर ती सेटिंगची. या जुन्या इंजिनांत आरपीएम मोजायला वेगळा सेन्सर नसतो. फ्लायव्हीलच्या आत चुंबक, त्याखाली स्टेटरची गुंडाळी, तीच बॅटरी चार्ज करते. त्याच चार्जिंगच्या करंटचे ठोके राखाडी वायरीतून मीटरला जातात आणि मीटर ते मोजतो. १२ पोलचं (पोल म्हणजे त्या चुंबकांचे ध्रुव) इंजिन एका फेऱ्यात ६ ठोके देतं. तुमचा मीटर ८ पोलवर असणार, म्हणजे तो ४ ठोक्यांना एक फेरा धरतोय. ६ भागिले ४, दीड. मेनूमध्ये किंवा मीटरच्या मागच्या छोट्या फिरत्या स्विचवर १२ पोल करा. इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पोलची संख्या दिलेली असते, तीही एकदा ताडून घ्या. चावी बंद करूनच स्विच फिरवा.

जाता जाता एक. आरपीएम चार्जिंगच्या सर्किटमधून येतो, म्हणून उद्या हा मीटर अचानक मेला तर त्याला शिव्या देण्याआधी बॅटरीचे व्होल्ट बघा. बऱ्याचदा मीटर ठणठणीत असतो आणि रेक्टिफायर गेलेला असतो.

आता पेट्रोल. टाकीतला सेंडर म्हणजे तरंग्याला जोडलेला रेझिस्टन्स. दोन पद्धती सर्रास दिसतात. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ दाखवतो. युरोपियन उलटा: रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. वायरींच्या रंगांवरून तुमची बोट अमेरिकन पद्धतीची दिसते आणि नवीन मीटर बहुधा युरोपियनवर लावलेला आलाय. टाकी भरली की सेंडर ३३ देतो आणि मीटर समजतो तळ गाठला. अर्ध्या टाकीला बरोबर कसं आलं? अमेरिकन सेंडर अर्ध्यावर साधारण १०३ ओहमला असतो आणि युरोपियन मोजणीतही तो आकडा मध्याच्या आसपासच पडतो. दोन माणसं एकाच जिन्यावर, एक चढतोय, एक उतरतोय, मधल्या पायरीवर गाठ पडणारच. तेवढ्यावर तुम्ही फसलात.

खात्री करायची तर डॅशपाशीच करा, टाकीपाशी नको. तिथे पेट्रोलची वाफ असते, एक ठिणगी पुरते. गुलाबी वायर मीटरपासून सोडवा (जोडलेली ठेवून मोजलं तर आकडा खोटा येतो) आणि तिचा अर्थिंगशी रेझिस्टन्स मोजा. भरलेल्या टाकीला तिशीच्या आसपास आला की विषय संपला. मेनूत २४०–३३ निवडा.

आणि तिसरा आजार, हाच खरा. दिवे लावल्यावर पेट्रोलच्या पट्ट्या हलतात, हे वाक्य वाचूनच मी खुर्चीत सरसावून बसलो. दिव्यांचा आणि पेट्रोलचा संबंध एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे डॅशच्या मागच्या काळ्या वायरीत. एक करा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मीटरच्या काळ्या वायरीच्या स्क्रूवर. दोन्ही निगेटिव्हच, त्यामुळे आकडा शून्याजवळ हवा. आता पंप, दिवे सगळं लावून बघा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग सडलंय. जुन्या मीटरांना ते कदाचित चालून गेलं असेल, नव्यांना चालणार नाही. आकडा इथे सांगा.

धागाकर्ता

काय बोलू! १२ पोल केलं, न्यूट्रलला ८०० आले. (पाइप लावून, पाणी सुरू करूनच इंजिन चालू केलं, इंपेलरची, म्हणजे थंड करणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या चाकाची काळजी नको.) पेट्रोलचा रेझिस्टन्स ३६ ओहम, सेटिंग बदललं, आठपैकी आठ पट्ट्या. मेनूत युरोपियन आणि अमेरिकन असं स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

काळ्या वायरीचा आकडा: नुसती चावी चालू केली तर ०.६. सगळं लावलं तर १.४.

प्रतिसाद ३

१.४! सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट तसेही दहाच्या घरात येतात, त्यातून हे दीड वजा करा. मीटर झोपणार नाही तर काय करेल. आता डॅश उघडा आणि काळी वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. बहुतेक जुन्या बोटींत ती एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी ओवलेली असते. पहिला सांधा कुजला की पुढचे सगळे उपाशी.

प्रतिसाद ४

सगळ्यांचं चाललंय ते छान, पण कुणी हे विचारलं का, की जुना मीटर काढल्यावर ओव्हरहीटचा भोंगा वाजतो का? त्या काळच्या काही इंजिनांत अलार्म मीटरच्या आत असायचा. मीटर काढला की अलार्मही गेला, आणि कळतं कधी, तर पिस्टन चिकटल्यावर. टू-स्ट्रोक आहे, ऑइल इंजेक्शन (पेट्रोलमध्ये आपोआप ऑइल मिसळणारी यंत्रणा) असेल तर ऑइलचा इशाराही त्यातूनच यायचा. डॅशच्या मागे कुठली वायर टेप गुंडाळून सोडून दिली आहे का, बघा. चावी चालू, इंजिन बंद ठेवून तापमानाच्या स्विचची तांबूस वायर अर्थिंगला टेकवा. भोंगा वाजलाच पाहिजे. इंजिन जपानी वायरिंगचं असेल तर रंगांवर जाऊ नका, यामाहाला आरपीएमची वायर हिरवी आणि चावीची पिवळी असते.

धागाकर्ता

@प्रतिसाद ४, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. तांबूस वायर खरंच होती. मीच टेप लावून आत कोंबली होती, कारण नवीन मीटरला तिची जागाच नव्हती. अर्थिंगला टेकवली, चिडीचूप. म्हणजे दोन आठवडे मी अलार्मशिवाय बोट चालवतोय.

प्रतिसाद ४

घाबरू नका, उपाय सोपा आहे. १२ व्होल्टचा वेगळा बझर घ्या. एक टोक चावीच्या जांभळ्या वायरीला फ्यूजमधून, दुसरं तांबूस वायरीला. इंजिन तापलं की स्विच अर्थिंगला जोडला जातो आणि बझर ओरडतो. ऑइलच्या इशाऱ्याची वायर वेगळी असते, ती तुमच्या मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा, अंदाजाने नको.

प्रतिसाद ५

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ एनएमईए २००० (बोटीवरची उपकरणं एका केबलवर जोडणारं नेटवर्क) घ्या की. एकच पडदा, सगळे आकडे त्यावर.

प्रतिसाद ३

@प्रतिसाद ५, या इंजिनातून डेटा निघतच नाही. ठोके आणि ओहम यांचं भाषांतर करणारा कन्व्हर्टर मध्ये लावावा लागेल, आणि अर्थिंग असंच सडकं असेल तर महागड्या पडद्यावर चुकीचे आकडे सुंदर अक्षरांत दिसतील. बाकी ज्यांच्याकडे एनएमईए २००० आहे त्यांच्यासाठी: मीटर गायब होत असतील तर नेटवर्कची वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीतला रेझिस्टन्स मोजा. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रेझिस्टन्स) असतात, म्हणून ६० आला पाहिजे. १२० आला तर एक टर्मिनेटर नाही किंवा मुख्य केबल कुठेतरी तुटलीय.

धागाकर्ता

अपडेट. आज सकाळपासून डॅशमध्ये डोकं घालून बसलो होतो.

काळी वायर खरंच माळेसारखी ओवलेली. मीटरच्या स्क्रूंवर काही नव्हतं, सगळे चकचकीत. पण वायर स्टिअरिंगच्या मागून खाली उतरते तिथे एक जुना सांधा होता, इन्सुलेशन टेपचा गठ्ठा. सोलला तर आत हिरवीगार पूड, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी. बोटाने जरा ओढलं तर वायर हातात आली. तीन-चार तारांवर सगळा डॅश चालला होता. सांध्याच्या दोन्ही बाजूंची वायर पाच-सहा इंच कापली तरी आतलं तांबं काळंच, म्हणून ती पूर्णच काढून टाकली. कल्हईच्या तांब्याची जाड वायर बॅटरीपासून थेट डॅशमागच्या एका पट्टीपर्यंत आणली आणि प्रत्येक मीटरला त्या पट्टीवरून स्वतंत्र काळी वायर दिली. वायरींच्या टोकांना थिंबल नीट दाबून वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली.

आता दोन निगेटिव्हमधला फरक सगळं लावून ०.०५. डॅशचा व्होल्टमीटर १३.८, बॅटरीवर १३.९. दिवे लावले, पंप लावला, पेट्रोलच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत. सेल्फ तीनदा मारून बघितला, एकही मीटर झोपला नाही. @प्रतिसाद १, बॅटरी तीच आहे बरं का! @प्रतिसाद २, नट पंखवालेच होते, बदलले.

एक प्रश्न उरलाय. जुना स्पीड मीटर अजून तसाच आहे आणि तो शून्यावरच असतो. त्याला वायर नाही, मागे एक बारीक नळी आहे.

प्रतिसाद ३

ती नळी खाली प्रोपेलरजवळच्या गिअरकेसच्या पुढच्या कडेवरच्या भोकापर्यंत जाते. बोट चालली की पाणी त्यात दाब देतं आणि दाबावरून वेग कळतो. भोकात चिखल बसलाय. बारीक तारेने मोकळं करा, मग डॅशकडून नळीत हवा मारा. नळी मीटरपासून सोडवूनच बरं का, नाहीतर हवेच्या दाबाने मीटर फुटेल. आणि पंपाने मारा, तोंडाने नको.

आणि बझर लावला का ते सांगा आधी.

धागाकर्ता

तोंडाने नको हे अर्धा तास आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नळीत साचलेलं पाणी अजून जिभेवर आहे. भोक मोकळं झालंय, वेग उद्या पाण्यात उतरलो की कळेल.

बझर लावला. तांबूस वायर अर्थिंगला टेकवली आणि असा काही केकाटला की शेजारच्या बोटीवरचे काका काय झालं म्हणून धावत आले. ऑइलची वायर मॅन्युअल हातात आल्यावर जोडतो, तोवर बोट बाहेर काढत नाही.