मदत हवी आहे: सूर्यफुलासारखं दिसणारं हे उंच रानफूल कोणतं? (इलिनॉय)

नमस्कार मंडळी,

आम्ही जोलिएटजवळ राहतो. गावाबाहेर रेल्वेच्या रुळालगत कधीच न नांगरलेली एक अरुंद पट्टी आहे. तिथे जुलैपासून एक पिवळं फूल फुललंय.

लांबून सूर्यफूलच वाटतं. पण दांडा माझ्या डोक्याच्याही वर गेलाय, त्यावर राठ पांढरी लव आहे आणि जागोजागी डिंक सुकून बसलाय. बोटाला लागला की टर्पेंटाइनसारखा वास येतो. खालची पानं हातभर लांब, खोल कातरलेली. ती जमिनीवर पसरत नाहीत, उभी राहतात, कडा उत्तर-दक्षिणेला. फोनमधलं होकायंत्र धरून पाहिलं, बहुतेक पानं जुळली! आजूबाजूला बिग ब्लूस्टेम गवत आहे.

हा कंपास प्लांट की प्रेअरी डॉक? बी आणून परसात लावलं तर थंडीत टिकेल का? आणि मुख्य काळजी ही की पट्टीच्या कडेने गवत कापायचं यंत्र फिरायला लागलंय. ही जागा जपण्यासारखी आहे का, तेवढं जाणकारांनी नक्की सांगा.

प्रतिसाद:

कंपास प्लांटच, सिल्फियम लॅसिनिएटम. प्रेअरी डॉकची पानं फावड्यासारखी, न कातरलेली असतात आणि दांडा जवळजवळ बिनपानांचा. सूर्यफुलाची शंका उरली असेल तर बी बघा. सूर्यफुलात ते मधल्या चकतीत धरतं. सिल्फियममध्ये मधली फुलं वांझ, चपटं बी बाहेरच्या पाकळ्यांच्या बुडाशी.

थंडीची चिंता नको, बी रुजायला ती लागतेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरपूर उन्हाच्या जागी थेट मातीत पेरा. पहिली काही वर्षं नुसती पानं दिसतील, धीर धरा; झाड आधी सोटमूळ खाली सोडतं, ते 4 मीटरपर्यंतही जातं. म्हणूनच पट्टीतलं झाड कृपा करून खणून आणू नका. मूळ तुटतं आणि झाड हातचं जातं.

जागा जपण्यासारखी आहे का? अहो, इलिनॉयच्या मूळ प्रेअरीतला, म्हणजे उंच गवताच्या माळरानातला, हजारातला एक एकरही धड उरलेला नाही. जे तुकडे वाचले ते बरेचसे रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, कारण तिथे नांगर पोचला नाही. कंपास प्लांट आणि बिग ब्लूस्टेम एकत्र, तेही न नांगरलेल्या जमिनीत, म्हणजे तो तसलाच तुकडा असण्याची दाट शक्यता आहे.

तुमच्या जवळच मिडेविन आहे, जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर 1996 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय प्रेअरी क्षेत्र. फोटो आणि नेमकं ठिकाण घेऊन तिथल्या लोकांना भेटा. जमीन रेल्वेची असेल तर बी घ्यायलाही आधी परवानगी काढा, आणि त्याच अर्जात फुलं असेपर्यंत कापणी थांबवायची विनंती करा.