कागदी वाटी: बुरशी आणि साच्याला चिकटणे

साच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली वाटी साच्याला चिकटते आणि तिला बुरशीचा वास येतो, या दोन नेहमीच्या तक्रारींचं मूळ घाईत आहे. पट्ट्या चिकटवायची खळ अशी करा: 2 मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग 1 वाटी पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. हे काम मोठ्यांचं. बुरशी टाळायला चमचाभर मीठ पुरतं. जुन्या पद्धतीत त्यासाठी घालायचा मोरचूद (कॉपर सल्फेट) विषारी, मुलांच्या हातात नकोच.

स्टीलची वाटी पालथी घालून तेलाचा हात फिरवा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, खळ दुसऱ्या थरापासून. इथेच बहुतेकांचं चुकतं. पट्ट्या 2-3 सेंमी रुंद, कात्रीने न कापता फाडलेल्या; फाटकी कड बेमालूम बसते. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा कोऱ्या कागदाचा घेतला की मुलांना थर मोजता येतात (आणि कंटाळाही येत नाही). एकूण 6 थर, पण दिवसाला दोनच. सगळे एकदम चढवले तर आतला ओलावा अडकतो आणि वास मारतो. पूर्ण वाळण्याआधी साच्यावरून काढलीत तर उन्हात वाकडी होते. रंगवण्याआधी पांढऱ्या पोस्टर कलरचा एक हात द्या, नाहीतर छापील अक्षरं डोकावतात.